काठी आणि पुरावा : ‘द गोल्डन गॉब्लेट’मधील थडगेफोडीचा इतिहास

प्राचीन इजिप्तच्या पार्श्वभूमीवर बालवाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांमध्ये अमेरिकन लेखिका एलॉइज जार्व्हिस मॅकग्रॉ (१९१५-२०००) यांची ‘द गोल्डन गॉब्लेट’ ही १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली रहस्यकादंबरी वेगळ्या कारणासाठी अभ्यासनीय आहे. तिला १९६२ मध्ये ‘न्यूबरी ऑनर’ हा सन्मान मिळाला. त्यापूर्वी मॅकग्रॉ यांनी ‘मारा, डॉटर ऑफ द नाइल’ (१९५३) ही किशोरांसाठीची आणि ‘फेरो’ (१९५८) ही प्रौढांसाठीची, अशा दोन कादंबऱ्या हातशेपसूत या राणीच्या काळावर लिहिल्या होत्या. त्या दोहोंत सत्तासंघर्ष केंद्रस्थानी होता. ‘द गोल्डन गॉब्लेट’मध्ये मात्र राजसत्ता जवळजवळ शेवटापर्यंत दूरच राहते आणि कथा सोनार, पाथरवट, बोरू कापणारा म्हातारा अशा श्रमिकांच्या जगात घडते. ऐतिहासिक बालकादंबरीचे मोल ठरविताना वेशभूषा, खाद्यपदार्थ, देवदेवता यांच्या तपशिलांची मोजदाद करण्याची एक सवय समीक्षेला आहे. या कादंबरीच्या संदर्भात त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, तिच्यातील गुन्हा इतिहासाच्या कोणत्या पानावरून आला, आणि रहस्यकथेच्या साच्यात शिरताना त्याचे काय झाले.

कथानक थोडक्यात असे. तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातील (सुमारे इ. स. पू. १३९०-१३५२) थीब्ज नगरीत रानोफेर हा एका निष्णात सोनाराचा पोरका मुलगा गेबू या सावत्र भावाच्या ताब्यात आहे. गेबू पाथरवट आहे, क्रूर आहे. रानोफेर ज्या सोनारशाळेत मोलमजुरी करतो तेथील सोन्याच्या वजनात तूट येऊ लागते आणि मद्याच्या बुधल्यांतून ते सोने आपल्याच हातून गेबूच्या घरी पोहोचत असल्याचे त्याला कळते. पुढे गेबूच्या घरात त्याला सोन्याचा एक पेला सापडतो. त्यावर मृत फेरोचे नाव कोरलेले असते. म्हणजे आता चोरी सोनारशाळेतली राहिलेली नाही, ती थडग्यातली आहे.

गेबूला पाथरवट करणे हा केवळ कल्पनेचा भाग नाही. नवव्या रामसेसच्या कारकिर्दीच्या १६व्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. १११०च्या सुमारास, थीब्जच्या पश्चिम तीरावरील थडगेफोडीची जी चौकशी झाली तिची कागदपत्रे पपायरसवर टिकून राहिली आहेत. त्यांपैकी ब्रिटिश म्युझियममधील ‘अ‍ॅबट पपायरस’मध्ये तपासणी केलेल्या दहा राजथडग्यांची नोंद आहे; नऊ शाबूत, एक फोडलेले. ते एक राजा सोबेकेमसाफ याचे. ते ज्यांनी फोडले त्यांच्यापैकी आमेनपनेफेर नावाच्या पाथरवटाचा जबाब दुसऱ्या एका पपायरसवर आहे. या पपायरसचा खालचा भाग अ‍ॅमहर्स्ट संग्रहात होता आणि वरचा भाग १९३५ मध्ये बेल्जियन विद्वान झां कापार यांना ब्रसेल्समध्ये एका लाकडी मूर्तीच्या पोकळीत मिळाला. इतिहासाच्या साधनांनाही रहस्यकथेचे वावडे नसते ते असे. राजा आणि राणी यांच्या ममींवरील सोने काढून घेतल्याचे, शवपेट्या पेटवून दिल्याचे, मिळालेले १६० देबेन सोने आठ जणांत वाटून प्रत्येकाला २० देबेन आल्याचे हा पाथरवट सांगतो. एक देबेन सुमारे ९१ ग्रॅमचे. एकूण ऐवज साडेचौदा किलोच्या घरात जातो. पुढची कबुली अधिक बोलकी आहे: पकडला गेल्यावर त्याने आपल्या वाट्याचे २० देबेन धक्क्यावरच्या लेखनिकाला देऊन सुटका करून घेतली, साथीदारांनी त्याची भरपाई केली, आणि चोरी चालूच राहिली.

कादंबरीचा काळ या खटल्यांहून सुमारे अडीचशे वर्षे आधीचा आहे. मात्र या स्थलांतराला कालविपर्यास म्हणणे अन्यायाचे होईल. होरेमहेबच्या आठव्या वर्षी माया या कोषाधिकाऱ्याला चौथ्या थुतमोसच्या थडग्यातील दफन पुन्हा नीट लावण्याची आज्ञा झाल्याचा लेख त्या थडग्यातच आहे, आणि तुतनखामेनचे १९२२ मध्ये सापडलेले थडगेही प्राचीन काळीच दोनदा फोडले गेले होते. गुन्हा अठराव्या राजवंशाला परका नव्हता. त्याची सविस्तर न्यायालयीन कागदपत्रे तेवढी नंतरच्या काळातली आहेत.

खरा बदल झाला आहे तो पुराव्याच्या संकल्पनेत. थीब्जच्या न्यायपीठापुढे जबाब घेण्याची रूढ रीत काठीने मारण्याची होती, आणि कागदपत्रे ती कोणताही संकोच न ठेवता नोंदवितात. अ‍ॅबट पपायरसमधील तांबटाचा प्रसंग या दृष्टीने विलक्षण आहे. या तांबटाने एका राणीच्या थडग्यात शिरल्याचे पूर्वी कबूल केले होते. त्याला डोळे बांधून पश्चिम तीरावर नेले गेले, तेथे डोळे सोडून ‘दाखव’ म्हटले गेले. न वापरलेले एक मोकळे थडगे आणि एका कामगाराची झोपडी यांपलीकडे त्याला काहीच दाखविता आले नाही. बेदम मारूनही नाही. पूर्व थीब्जचा नगराधिकारी पासेर आणि पश्चिम तीराचा अधिकारी पावेरा यांच्यातील वैर लक्षात घेता, या अज्ञानामागे खरेपणा होता की कोणाची शिकवण, हे ठरविणे कठीण आहे.

कादंबरीच्या शेवटी हीच चाचणी उलटी होऊन येते. गेबू आणि त्याचा साथीदार यांचा माग काढत रानोफेर थडग्यात शिरतो, ते राणी तिये हिच्या आईवडिलांचे असल्याचे ओळखतो, आणि मित्र हेकेत व तो म्हातारा यांच्यावर पहारा सोपवून राजवाड्याकडे धावतो. फाटक्या पोराचे कोण ऐकणार? राणी त्याला एकच प्रश्न विचारते: थडग्यात भिंतीला टेकून काय ठेवले आहे? तो सांगतो, चालताना हाती धरायची काठी. राणीने ती स्वतः ठेवलेली असल्यामुळे आत गेलेल्यावाचून इतरांना ते कळणे शक्य नाही. ज्या न्यायव्यवस्थेत काठी जबाब वदवून घेण्याचे साधन होती, तेथे मॅकग्रॉ काठीलाच साक्षीदार करतात. लेखिकेने हा विरोध जाणूनबुजून योजला असेल असे मानण्याचे कारण नाही. पण पाहिलेली वस्तू हा पुरावा आणि मारून मिळविलेली कबुली हा नव्हे, हा आग्रह विसाव्या शतकातील गुप्तहेरकथेचा आहे. तो येथे फेरोच्या दरबारात बेमालूम शिरला आहे.

तियेचे आईवडील युया आणि थुया यांचे थडगे फेब्रुवारी १९०५ मध्ये राजांच्या दरीत सापडले. उत्खननाचा खर्च थिओडोर डेव्हिस यांचा, काम जेम्स क्विबेल यांचे. तुतनखामेनच्या शोधापूर्वी एवढे भरलेले थडगे त्या दरीत मिळाले नव्हते. रथ, खुर्च्या, शवपेट्या, मृतांचा ग्रंथ असे सारे तेथे होते. तरीही ते प्राचीन काळीच चोरांच्या हाती लागलेले होते. सुगंधी तेलांसारखा लवकर खराब होणारा ऐवज नाहीसा झाल्यावरून पहिली चोरी दफनानंतर फार उशिरा झाली नसावी असे अभ्यासक मानतात. कादंबरीला जागा मिळते ती नेमकी या रिकाम्या फटीत. थडग्यातील दृश्यात रानोफेरला संपत्ती दिसण्याआधी एक वृद्ध जोडपे दिसते, त्यांची वापरातली, सवयीची चीजवस्तू दिसते, आणि चोरी म्हणजे काय ते त्याला प्रथमच उमगते. १९०५ मध्ये तीच चीजवस्तू उचलून कैरोच्या संग्रहालयात गेली, ही गोष्ट कादंबरीच्या चौकटीबाहेर राहते. वाचकाने ती आत आणली तर हे दृश्य बरेच अस्वस्थ करणारे होते.

रहस्यकथेला गुन्हेगार लागतो, कारण चालत नाही. विसाव्या राजवंशातील थडगेफोडीमागे धान्याची टंचाई आणि थकलेली मजुरी होती. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी राजथडगी खोदणाऱ्या कारागिरांनी मजुरीच्या धान्यासाठी काम बंद पाडले होते, आणि त्यानंतरच्या काही पिढ्यांत परिस्थिती बिघडतच गेली. मॅकग्रॉ हा गुन्हा तिसऱ्या आमेनहोतेपच्या सुबत्तेच्या काळात नेतात, आणि तेथे त्याला गेबूच्या दुष्टपणावाचून दुसरे मूळ उरत नाही. कादंबरीची ही सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल. सामाजिक इतिहास तिच्यात परततो तो दुसऱ्याच दाराने: रानोफेरच्या उपाशी पोटातून, आणि सोनारशाळेच्या वर्णनांतून. सोने धुणे, तोलणे, मुशीत ओतणे, तार ओढणे, वर्ख ठोकणे, डाख लावणे या क्रिया येथे सजावट म्हणून येत नाहीत. तराजूतली तूट हाच पहिला सुगावा असल्यामुळे कारागिरीचे ज्ञान हेच तपासाचे साधन बनते.

अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘डेथ कम्स अ‍ॅज द एंड’ (१९४४) या कादंबरीशी तुलना केल्यास हा विशेष उठून दिसतो. तीही थीब्जमध्येच घडते, आणि तिचा आधार हेकानख्त या गृहस्थाची पत्रे आहेत. मात्र तेथील कुटुंबकलह इंग्लंडमधील एखाद्या वाड्यात हलविला तरी फारसे बिघडत नाही. मराठीत भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे चोर पकडतो तो त्याच्या वर्तमानात. ऐतिहासिक बालवाङ्मय मात्र बहुतांशी शिवकालातील पराक्रमात रमलेले आहे, आणि या दोन वाटा क्वचितच एकत्र आल्या आहेत.

राणी रानोफेरला हवे ते मागायला सांगते तेव्हा तो एक गाढव मागतो: म्हाताऱ्यासारखे बोरू कापून वाहून नेता यावेत, पोट भरावे आणि सोनारकाम शिकता यावे म्हणून. कारागिरांच्या देर अल-मदिना या वस्तीतील नंतरच्या काळातल्या हिशेबांत गाढवाची किंमत सामान्यतः २५ ते ४० देबेन अशी लिहिलेली आढळते. ती तांब्यात मोजलेली आहे. आमेनपनेफेरने लेखनिकाच्या हातावर ठेवलेले २० देबेन सोन्याचे होते.