फणेरपेटी ते टिकलीचं पाकीट

रोजच्या प्रसाधनात आपण निवड करतो, असं आपण धरून चालतो. महाराष्ट्रातल्या कुंकवाचा इतिहास वेगळं सांगतो. फणेरपेटीचं झाकण उघडलं की आतला आरसा उभा करायचा, बोटाने कपाळावर मेण गोल टेकवायचं, त्यावर करंड्यातली पिंजर दाबायची, कडा पुसून नीट करायच्या. हात सरावाने चाले, विचाराला जागाच नव्हती. कुंकू लावायचं की नाही, हे नवरा हयात आहे की नाही यावरून आधीच ठरलेलं असे. कुणी म्हणेल, चंद्रकोर, आडवी चिरी, गोल असे प्रकार होतेच की! होते, पण ते बव्हंशी जात, प्रदेश आणि घरची रीत ठरवी, त्या सकाळची लहर नव्हे.

चिकटणारी टिकली आली, मेण मागे पडलं आणि साडीला जुळणारा रंग शोधणं सुरू झालं. (तेही फुकट नव्हे: काहींच्या कपाळावर डिंकातल्या रसायनाने पांढरा डाग पडला.) पण सोयीबरोबर स्वातंत्र्यही आलं, हे म्हणणं घाईचं आहे. सवाष्णीने कपाळ मोकळं ठेवलं तर प्रश्न होतेच, आणि विधवेने टिकली लावली तरी होतेच. लावणं आणि न लावणं, दोन्ही बिनबोभाट जमलं तरच ती निवड. म्हणून पाकिटातल्या रंगांपेक्षा कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचा ठराव मोठा. मे २०२२मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसण्यासह विधवा प्रथा बंद करायचं ठरवलं; त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं.