एकबेरीज दफ्तर: थांबलेल्या नकलेचा इतिहास

बॅकअप सर्व्हरवर ठरावीक वेळी माहितीची नक्कल आपोआप घेतली जाते. साठवणूक भरत आली किंवा दुरुस्ती निघाली की हे वेळापत्रक तात्पुरते थांबवतात. त्या दिवशी काहीच बिघडत नाही, कारण मूळ माहिती जागेवर असते. उणीव जाणवते ती मूळ गेल्यावर. पेशवाईच्या अखेरीस पुण्याच्या हुजूर दफ्तरात असेच घडले. मात्र तो खंड सुमारे वीस वर्षांचा होता.

हुजूर दफ्तर हे पेशव्यांचे मध्यवर्ती कार्यालय. त्याचे मुख्य भाग दोन. 'चालते दफ्तर' रोजचे काम पाही. त्यातील फडावर हुकमांची नोंद होई व रोजकीर्द लिहिली जाई. 'एकबेरीज दफ्तरा'त सर्व खात्यांचे कागद अखेर जमा होत. तेथील कारकून ते वर्गवार लावून वार्षिक जमाखर्चाचे तर्जुमे आणि खतावण्या तयार करीत. ही हुबेहूब प्रत नव्हे, पण एका ठिकाणचा आकडा दुसरीकडे ताडून पाहता येई. नाना फडणवीसांच्या काळात दफ्तरात २०० हून अधिक कारकून होते. एवढा खर्च उगाच नव्हता. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले, तेव्हा सिंहगडाजवळ मराठ्यांच्या इतिहासाचे मोलाचे कागद नष्ट झाल्याचे ग्रँट डफ सांगतो.

दुसरा बाजीराव १७९६ मध्ये गादीवर आला. १८०० मध्ये नाना वारले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले. पेशवाई बुडाल्यावर दफ्तर तपासणाऱ्या मॅक्लिऑड या इंग्रज अधिकाऱ्याला आढळले, की आधीच्या पेशव्यांचे कागद बरेच पूर्ण आहेत, पण शेवटच्या कारकिर्दीत दफ्तराचा नोकरवर्ग जवळजवळ मोडला होता आणि लोकांना कागद घरी नेण्याचीही मोकळीक होती.

याचे कारण म्हणून बाजीरावाचा आळस सांगतात. मला ते अपुरे वाटते. या काळात मामलती मक्त्याने, जास्त बोली करणाऱ्याला दिल्या जाऊ लागल्या. ठोक रक्कम हाती आली की गावोगावचा तपशील पुण्याला हवा कशाला? ज्या हिशेबाला गिऱ्हाईक नाही, तो लिहिणारे कारकून आधी कमी होतात.

किंमत पुढच्या पिढीने मोजली. १८५२ च्या ११ व्या कायद्यानंतर इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातील इनामांचे हक्क तपासले. घरची सनद हरवलेल्या इनामदाराला दफ्तरातील नोंदीचा मोठा आधार होता, आणि १७९६ नंतरच्या वर्षांसाठी नेमका तोच तुटपुंजा होता.

म्हणून या वर्षांचा अभ्यास करताना आधी ठरवावे लागते, की महसूल घटला की फक्त नोंद घटली. त्यासाठी कुलकर्णी आणि देशपांडे घराण्यांची खासगी दफ्तरे पाहावीत. मामलत मक्तेदाराकडे गेली तरी गावात कोणी किती भरले हे कुलकर्ण्याला लिहावेच लागे.