वळकटीत काय बांधायचं? परमुलखात निघालेल्या शिपायाच्या सामानाचा इतिहास

आजचा प्रश्न अगदी घरगुती वाटेल. साल १९१४. साताऱ्याकडचा वीस-बावीस वर्षांचा मुलगा पलटणीबरोबर पहिल्यांदाच बोटीनं परमुलखात लढायला निघाला आहे. त्याच्या सामानात काय असावं, हे कोण ठरवतं?

सरकारी यादी असतेच. रायफल, काडतुसं, संगीन, बूट, पट्ट्या, पाण्याची बाटली, कांबळं. त्यापलीकडे जे उरतं त्याला फौजी इंग्रजीत 'कम्फर्ट्स' म्हणायचे. तंबाखू, गूळ, मसाला, जादा मोजे, देवाधर्माचं काहीबाही. मराठीत याला नेमका शब्द नाही आणि आमच्या मते नाही तेच बरं. 'सुखसोयी' म्हणावं, तर तो शब्द बघता बघता 'चोचल्यां'पर्यंत घसरतो. शिवाय फौजेच्या मागून येणाऱ्या सामानाबद्दल आपल्या भाषेला मुळातच फारशी माया नाही. 'बाजारबुणगे' ही आपण आजही शिवीच देतो, आणि पानिपतचा विषय निघाला की सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडून मोकळे होतो. त्या बुणग्यांवाचून फौज जेवली कशी असती, हे विचारायला मात्र विसरतो.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. 'गरज' आणि 'सुख' यांच्यामधली रेघ फळ्यावर किती वेळा ओढली असेल, त्याला गणती नाही. फळ्यावर ती सरळ येते. शिपायाच्या सामानात ती कुठे ओढायची यावरून मात्र माणसं मेली आहेत. हा अलंकार नव्हे, घडलेली गोष्ट आहे, आणि तिथूनच सुरुवात करू.

१८२४ साल. कंपनी सरकारचं ब्रह्मदेशाशी पहिलं युद्ध सुरू झालं होतं. बंगाल फौजेच्या २६, ४७ आणि ६२ या क्रमांकांच्या पलटणी मोठी मजल मारून कलकत्त्याजवळच्या बराकपूरला आल्या आणि तिथून त्यांना चितगावकडे कूच करण्याचा हुकूम झाला. समुद्र ओलांडायला या उच्चवर्णीय शिपायांचा विरोध, म्हणून खुष्कीचा मार्ग. तरी पुढे आपल्याला बोटीत घालणारच, ही कुजबुज छावणीत होतीच. पण गाडं अडलं ते सामानावर. शिपाई स्वतःचं अन्न स्वतःच्या भांड्यात शिजवायचा. त्याची पितळेची भांडी अंथरुणात गुंडाळलेली असायची आणि ती वळकटी बैलावर लादली जायची. बैलाचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. सरकारनं युद्धासाठी बैल आधीच खरेदी केल्यामुळे बाजारात बैल मिळेना. मिळाला तर दाम परवडेना. शिपायांचं म्हणणं साधं होतं: बैल द्या, नाहीतर भत्ता वाढवा. वरिष्ठांच्या लेखी ते खासगी सामान होतं, त्याची जबाबदारी सरकारवर नव्हती.

आता विचार करा. तांब्या आणि तवा ही सोय आहे की गरज? कंपनीच्या हिशेबनीसाला विचारलं तर सोय. ज्याला दुसऱ्याच्या भांड्यात रांधलेलं खाल्लं तर गावी पंगतीतून उठवणार, त्याला विचारलं तर त्या तांब्यावाचून तो शिपाई राहील, पण माणसांत राहणार नाही. जातीच्या या बंधनाचं आम्हाला कौतुक नाही. त्यानं किती माणसांना पिढ्यान्‌पिढ्या पंगतीबाहेर ठेवलं ते आपण जाणतो. पण बंधन खोटं असलं तरी त्याचा काच खराच असतो.

४७ व्या पलटणीचे शिपाई परेडला आले ते पाठीवरच्या पिशव्यांशिवायच आले. त्या आणायला सांगितल्या, तर नाही म्हणाले. २ नोव्हेंबरला सरसेनापती एडवर्ड पॅजेट गोऱ्या पलटणी आणि तोफा घेऊन हजर झाले. शस्त्र खाली ठेवा म्हणून फर्मावलं, थोडा वेळ दिला आणि मग तोफा डागल्या. शिपाई पळाले, कित्येक हुगळीत बुडाले. पुढारी बिंदी तिवारी फासावर गेला, आणि ४७ व्या पलटणीचं नावच फौजेच्या यादीतून खोडून टाकलं. मैदानावर पडलेल्या बंदुका तपासल्या, तेव्हा बहुतेकींत गोळीच भरलेली नव्हती असं आढळलं.

मुंबई फौजेचं चित्र वेगळं होतं. तिचे शिपाई १८०१ मध्ये इजिप्तला जाऊन आले होते, १८६८ मध्ये अबिसिनियात होते. एकाच पलटणीत मराठे, महार, मुसलमान, बेने इस्राएल असत, त्यामुळे बोटीचा आणि भांड्याचा बाऊ कमी. पुढे १८९० च्या दशकात सरकारनं 'लढाऊ जाती'चं खूळ डोक्यात घेतलं आणि महारांची भरती बंद केली, तो इतिहास आपण दुसऱ्या एका व्याख्यानात पाहिला आहे.

नव्वद वर्षं पुढे येऊ. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौजेच्या तुकड्या फ्रान्समध्ये मार्सेल्सला उतरल्या. अंगावर सुती खाकी आणि समोर युरोपचा हिवाळा. बराकपूरचा धडा एव्हाना सरकारच्या पक्का ध्यानात होता. पाणी वेगळं, चूल वेगळी, झटका वेगळा, हलाल वेगळं. जखमींसाठी इंग्लंडात ब्रायटनच्या राजवाड्याचं इस्पितळ केलं, तिथे नऊ स्वयंपाकघरं होती! लंडनमध्ये त्याच ऑक्टोबरात हिंदी शिपायांसाठी एक निधी उभा राहिला. 'इंडियन सोल्जर्स फंड' त्याचं नाव. गरम कपडे, मोजे, सिगारेटी, मिठाई, मसाले, धर्मग्रंथांच्या छोट्या प्रती असं बरंच काही या फंडातून आघाडीवर जाऊ लागलं. १८२४ मध्ये जे मागितलं म्हणून तोफा डागल्या, ते १९१४ मध्ये न मागता भेट म्हणून आलं.

भेट म्हणून, हा शब्द जरा ध्यानात ठेवा. जे हक्कानं मिळतं त्याचा हिशेब मागता येतो. भेटीचे फक्त आभार मानता येतात.

त्या भेटींतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे राजकन्या मेरीची पितळी डबी. पंचम जॉर्जची ही मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. १९१४ च्या नाताळासाठी तिच्या नावानं वर्गणी गोळा झाली आणि झाकणावर तिची मुद्रा असलेली, वीतभरही लांब नसलेली डबी शिपायांना वाटायचं ठरलं. गोऱ्या शिपायाच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी, न ओढणाऱ्याला गोळ्या आणि लिहायचं साहित्य. हिंदी फौजेसाठी जी वाटणी ठरली ती बघण्यासारखी आहे. गुरख्यांना गोऱ्यांप्रमाणेच. शिखांना तंबाखू निषिद्ध, म्हणून डबीत खडीसाखर, सोबत मसाल्याचा डबा आणि शुभेच्छापत्र. बाकीच्या हिंदी शिपायांना डबीत सिगारेटी आणि खडीसाखर, शिवाय मसाल्याचा डबा आणि पत्र. आणि फौजेबरोबरचे जे नोकरचाकर, त्या सगळ्यांना एकाच 'भिस्ती' या नावाखाली घातलं होतं. त्यांना मसाल्याचा साधा डबा आणि पत्र. पितळी डबी नाही.

किती बारकाईनं विचार केलाय पाहा! कुठल्या तरी समितीत बसून कोणीतरी विचारलं असणार की शिखाला काय चालेल, मुसलमानाला काय चालेल. त्या विचारात आपुलकी मुळीच नव्हती असं आम्ही म्हणणार नाही. पण त्याच कागदावर पखाल वाहणाऱ्याची पायरीही ठरली. मसाला सगळ्यांना, कारण जीभ सगळ्यांना असते. पितळ मात्र सगळ्यांना नाही.

आणि शिपाई स्वतः काय मागत होते? फ्रान्समधली त्यांची पत्रं सरकार उघडून वाचत असे, त्यामुळे थोडंफार कळतं. घरचं खाणं मागत, अफू मागत. बिब्बेही मागवत. बिब्बा आपल्या घरात औषधाला असतो, आणि त्याचं तेल कातडीला लागलं तर कसं उततं हेही आपल्याला ठाऊक आहे. आघाडीवर त्याचा उपयोग तोच होता. सूज दाखवायची आणि इस्पितळात जायचं. फंडाच्या यादीत ही वस्तू अर्थातच नव्हती.

आता आपल्या मुलाकडे वळू. मराठा पलटणींतले बरेच जण फ्रान्सला नव्हे, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. ११७ वी तर पहिल्याच ब्रिगेडबरोबर ६ नोव्हेंबर १९१४ ला शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाओला उतरली. लंडनच्या वर्तमानपत्रांचं लक्ष फ्रान्सवर होतं, इकडे औषधं आणि नावासुद्धा पुरत नव्हत्या. शिपायाचा शिधा म्हणजे कणीक, डाळ, तूप, गूळ, मीठ आणि थोडा मसाला. ताजी भाजी नावापुरती. भाकरी-भातावर वाढलेल्या माणसाला रोज कणीक, हा वेगळाच जाच. पण तक्रार तेवढ्यावर भागली असती तर बरं झालं असतं.

१९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली, जनरल टाउनशेंडची फौज मागे हटली आणि टायग्रिसच्या वळणावरच्या कूत गावात शिरली. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत. तिन्ही मराठा पलटणी आत होत्या.

वेढ्यात पहिल्यांदा काय संपलं? तूप, गूळ, साखर, तंबाखू. म्हणजे यादीतल्या शेवटच्या ओळी. लोक आल्याचे तुकडे, उकळून टाकलेली चहाची पत्ती, झाडाचा पाला ओढू लागले. नदीकाठचं गवत, रानभाजी खुडून शिजवू लागले. त्यात विषारीही निघे. धान्य होतं तर दळायला जाती अपुरी. तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले! आकाशातून जातं पडताना पाहणारे जगात तेच पहिले असावेत. भुकेचं दुखणं मरावं म्हणून हिंदी शिपायांना अफूच्या गोळ्या दिल्या गेल्या. पत्र उघडून जी पकडायची, तीच वस्तू आता सरकारी हातानं.

मग घोडे कापायची वेळ आली. गोऱ्यांनी खाल्ले, बहुतेक हिंदी शिपायांनी नाकारले. टाउनशेंडनं बिनतारी संदेशानं हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आली, तरी हात पुढे होईना. अडचण देवाची नव्हती. उद्या गावी कळलं तर सोयरीक कोण करील, ही होती. बराकपूरचा तोच तांब्या, दुसऱ्या रूपात! एप्रिलमध्ये, अगदी टोकाला गेल्यावर, हजारो जणांनी खाल्लं.

इथे वैद्यकाच्या इतिहासात नोंदवलेली एक विलक्षण गोष्ट घडली. एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन फौजांना दोन वेगळे रोग झाले. गोरे पांढऱ्या पिठाचा पाव खात, त्यांना बेरीबेरी झाली. हिंदी शिपाई कोंड्यासकट कणीक आणि डाळ खात, त्यांना ती झाली नाही. पण ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाली. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उलल्या. पांढरं पीठ संपून गोऱ्यांना जाडंभरडं पीठ मिळू लागलं, तशी त्यांची बेरीबेरी ओसरली. जीवनसत्त्व हा शब्द तेव्हा नुकता जन्मत होता. शिध्याच्या यादीत हिरव्या भाजीला मोल नव्हतं, कारण तिच्यात पोट भरण्यासारखं काही दिसत नव्हतं. ती जिभेसाठी, म्हणून सोय. पोटासाठी कणीक, ती गरज. रेघ इथे ओढली होती आणि ती साफ चुकीच्या जागी होती.

यातून पुढे जे संशोधन झालं, त्यात लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या हॅरिएट चिक आणि एलेन डेल्फ या दोन बाई होत्या. १९१९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याची ताकद जवळजवळ नसते, पण तेच भिजवून मोड आणले की ती येते. मोड आलेली मटकी, श्रोतेहो! आमच्या आज्यांना स्कर्व्ही माहीत होती असा दावा आम्ही करत नाही. तसले दावे करणाऱ्यांचा आम्हाला कंटाळाच आहे. त्या उसळ करत, कारण ती चांगली लागते. कूतमध्ये डाळ होती आणि पुढे टायग्रिस वाहत होती. पण गिरणीत भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत. पोत्यात अख्खं कडधान्य भरावं, हे शिधा बांधणाऱ्या कोणाला सुचणार होतं?

२९ एप्रिलला टाउनशेंड शरण गेला. कैद्यांना नदीच्या वरच्या बाजूला शुमरानला नेलं आणि खायला दगडासारखी बिस्किटं दिली. ती खाऊनही माणसं मेली. उरलेल्यांनी अंगावरचं विकायला काढलं. बूट, कपडे, कांबळी देऊन खजूर आणि भाकरी घेतली. सरकारी यादीतल्या वस्तू अशा एकेक करून बाजारात गेल्या, आणि पुढे अनातोलियापर्यंतची चाल काहींनी अनवाणी केली.

त्या कैद्यांत बंगाल अँब्युलन्स कोअरचा शिशिर सर्वाधिकारी नावाचा तरुण होता. त्यानं लपवून रोजनिशी लिहिली होती. झडतीत सापडेल म्हणून तिची पानं फाडून त्यानं बुटात घातली आणि त्यावर पाय ठेवून चालला. नदी उतरताना ती भिजली, अक्षरं पुसट झाली, म्हणून कैदेतच त्यानं ती पुन्हा लिहून काढली. 'अभि ले बगदाद' हे त्याचं पुस्तक चाळीस वर्षांनी बंगालीत निघालं. एका साध्या हिंदी शिपायाच्या पातळीवरून कूत दाखवणारं असं दुसरं पुस्तक आम्ही वाचलेलं नाही. बूट त्याला सरकारनं दिले होते.