स्मृतीचा गड

पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें डोंगरांच्या कुशींत वसलेलें गांव नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळें महाराष्ट्राला परिचित आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं कोंढाण्यावर जें घडलें, तें साडेतीनशें वर्षांनंतरहि तेथें आजोबा नातवाला सांगतात. गांवाची स्मृति अशी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. परंतु ती सांगणाऱ्या वृद्धाची स्मृति मात्र थोड्या वर्षांत नाहींशी होऊं शकते. नातवाचें नांवहि आठवेनासें होतें, आणि घरचीं माणसें ‘म्हातारपण, दुसरें काय!’ म्हणून गप्प बसतात.

तें केवळ म्हातारपण नव्हे, हें जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनीं दाखवून दिलें. १९०१ सालीं फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयांत त्यांनीं एका एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीला तपासलें. तिला स्वतःचें नांवहि धड लिहितां येईना. १९०६ सालीं ती वारल्यावर त्यांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. पेशींबाहेर प्रथिनाचे थर साचले होते व पेशींच्या आंत तंतूंचा गुंता झाला होता. १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं या रोगाला अल्झायमर यांचें नांव दिलें.

रोगाचा आनुवंशिक धागा पुढें हळूहळू उलगडला. मेंदूंत स्निग्ध द्रव्यें वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा ‘ई-४’ हा प्रकार अंगीं असल्यास रोगाचा संभव वाढतो, असें १९९३ सालीं आढळलें. उलट, कोलंबियाच्या डोंगराळ मुलुखांत एका घराण्यांतील दोषी जनुक घेऊन जन्मलेल्यांची स्मृति चव्वेचाळिशीच्या सुमारास ढळूं लागते. पण त्यांतलीच एक स्त्री सत्तरीपर्यंत शाबूत राहिली. त्याच प्रथिनाच्या जनुकांतील एका दुर्मिळ बदलानें तिला तारलें असावें, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें.

मग जनुकच दुरुस्त करितां आलें तर? जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पेंटिए या विदुषींनीं २०१२ सालीं, जंतूंच्या स्वसंरक्षणाच्या युक्तीवरून, जनुकें नेमक्या जागीं कापण्याचें ‘क्रिस्पर’ हें साधन सिद्ध केलें. विदर्भांतील व नंदुरबारकडील आदिवासी कुटुंबांना परिचित असलेल्या सिकलसेल रोगावर या साधनानें घडविलेल्या उपचाराला २०२३ सालीं ब्रिटनमध्यें मान्यता मिळाली. मात्र त्यांत रक्ताच्या मूळ पेशी शरीराबाहेर काढून, दुरुस्त करून परत घालतात. मेंदूच्या बाबतींत तें शक्य नाहीं. साधनच आंत पोंचवावें लागतें, आणि चुकीच्या जागीं पडलेला काप मागें घेतां येत नाहीं. म्हणून अल्झायमरवरील हे प्रयोग आजवर मुख्यतः उंदरांवर व प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींवरच झाले आहेत.

दुसरी अडचण वेळेची आहे. विसर पडूं लागण्यापूर्वीं पंधरा-वीस वर्षें हा रोग मेंदूंत मुकाट्यानें काम करीत असतो, आणि मेलेल्या पेशी जनुक सुधारल्यानें परत येत नाहींत. उपचार उशिरां झाला, तर ‘गड आला पण सिंह गेला’ हेंच पुन्हां म्हणावें लागेल. तोंवर घरच्या माणसांच्या हातीं एक गोष्ट आहे: आजोबांचा पहिला विसर हंसण्यावारी न नेतां त्यांना वैद्याकडे नेणें, आणि त्यांनीं सांगितलेली कोंढाण्याची कथा आतां नातवानें त्यांना सांगणें.