मेळ कोण बसवतं?

कर्जतच्या बाजारपेठेत आजोबांचं किराणा दुकान होतं. शटर ओढण्याआधी ते गल्ल्यातली रोकड मोजून रोजमेळाशी ताडून पाहायचे. दहा रुपयांचा फरक आला तरी जेवण थांबायचं. कॉसमॉस बँकेवरचा सायबर हल्ला समजून घेताना मला तो रोजमेळ आठवला.

कॉसमॉस ही पुण्याची, १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. एटीएममध्ये कार्ड घातलं की विनंती ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेकडे जाते. स्विच बँकेच्या मूळ हिशेबाला विचारतो, खात्यात पैसे आहेत का? ११ ऑगस्ट २०१८ला, दुसऱ्या शनिवारी, चोरांनी मध्येच खोटा स्विच उभा केला. विचारणा मूळ हिशेबापर्यंत पोचलीच नाही, खोट्या स्विचने परस्पर ‘हो’ म्हटलं. क्लोन केलेल्या कार्डांवर २८ देशांतून पैसे निघाले. सोमवारी स्विफ्टमार्फत १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४.४२ कोटी रुपये. खातेदारांच्या खात्यांतून मात्र काहीच वजा झालं नव्हतं. एटीएममधून रोकड गेली होती, वहीत ती जागेवरच होती.

सुरक्षा हा हिशेबाचा प्रश्न आहे, हे संशोधकांनी आधीच ओळखलं होतं. लॉरेन्स गॉर्डन आणि मार्टिन लोब हे अमेरिकेतले अकाउंटिंगचे प्राध्यापक. कुलपावर किती खर्च करावा, याचं गणित त्यांनी २००२ साली मांडलं. उत्तर आलं: संभाव्य नुकसानीच्या साधारण ३७ टक्क्यांच्या आत. पण नुकसान कुणाचं धरायचं? संस्था स्वतःचं मोजते. ठेवीदाराचं अडलेलं लग्न, थांबलेलं ऑपरेशन तिच्या ताळेबंदात येत नाही. म्हणून बाहेरून नियम लागतात. रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना सायबर सुरक्षेची चौकट जून २०१६मध्ये घालून दिली. नागरी सहकारी बँकांसाठी ती ऑक्टोबर २०१८मध्ये आली, कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी.

आमच्याकडे भाताचे पैसे, खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेली रक्कम बऱ्याचदा पतसंस्थेत जाते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत. बँकेतल्या ठेवीला असलेलं पाच लाखांचं विमा संरक्षणही तिथे नाही. ॲप मात्र आता तिथेही आलंय.

आईच्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल परवा घरी आला. त्यात ताळेबंद होता, नफावाटणी होती. सायबर सुरक्षेवर एक ओळ नव्हती. सर्वसाधारण सभेत विचारायला तिला एकच प्रश्न लिहून दिलाय: ॲपमधल्या नोंदी आणि मूळ खातं यांचा मेळ रोज कोण बसवतं?

आई म्हणाली, “हे तर तुझे आजोबाही विचारायचे.”