पुढचा अखंड आस (पिकअप व जीप)

पुढच्या दोन्ही चाकांना एकाच ताठ घराने जोडणाऱ्या आणि त्याच घरातील दंतचक्रांमार्फत त्यांना इंजिनाची शक्ती पोचवणाऱ्या रचनेस पुढचा अखंड आस म्हणतात. गॅरेजच्या बोलीत तो ‘पुढचं हाउसिंग’. स्वतंत्र निलंबनात प्रत्येक चाक आपापल्या दांड्यांवर वरखाली होते, तर अखंड आसाचे एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली दाबले जाते आणि जमिनीवरची पकड टिकते. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर या वाटेवरील डांबर सोडून भातखाचरांच्या चिखलात वा काळ्या कातळावर उतरणाऱ्या गाडीला हा गुण उपयोगी पडतो. डांबरावरच धावणाऱ्या पिकअपला स्वतंत्र निलंबनच अधिक सुखाचे.

महाराष्ट्रात हा आस रुळला तो 1940च्या दशकाअखेरीपासून महिंद्राने मुंबईत जुळवलेल्या विलिस जीपमुळे. 1985ची मारुती जिप्सीही अखंड आसांचीच होती. 2010च्या थारला मात्र पुढे टॉर्शन बारचे स्वतंत्र निलंबन मिळाले, आणि ते काढून जुना आस बसवण्याकडे हौशी चालक वळले.

निवड करताना आसाच्या जाडीकडे आधी लक्ष जाते, परंतु पहिला प्रश्न डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दंतचक्र-संचाचा, गोळा कोणत्या अंगाला आहे हा असतो. विलिस घराण्यात तो उजवीकडे असतो. ट्रान्सफर केसमधून, म्हणजे शक्ती पुढच्या-मागच्या आसांना वाटणाऱ्या पेटीतून, पुढे जाणारा शाफ्ट डावीकडून निघत असेल, तर असा आस कितीही भक्कम असला तरी निरुपयोगी ठरतो. दुसरी अट क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शियलमधील मोठ्या व लहान दंतचक्रांच्या, प्रमाणाची. क्राऊनचे 43 दात आणि पिनियनचे 8 असतील तर प्रमाण 5.38 येते, 39 व 8 असतील तर 4.88. पुढे एक आणि मागे दुसरे प्रमाण ठेवून कोरड्या रस्त्यावर चारही चाके चालवली, की दोन्ही आस एकमेकांशी झुंजतात आणि ट्रान्सफर केस तुटू शकते. रुंदीही जुळावी लागते, कारण युद्धकालीन विलिसच्या चाकांमधील अंतर जेमतेम 49 इंच होते आणि रुंद पिकअपखाली तो आस आत ओढल्यासारखा बसतो. त्यानंतर स्प्रिंगचे पाटे बसवण्याच्या जागा, ब्रेक आणि स्टिअरिंगचे दांडे येतात. दांड्यांचे कोन चुकले तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप वळते.

आस बदलताना कायदाही पाहावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, 1988च्या कलम 52नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा फेरबदल करता येत नाही, त्यामुळे रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा विचार आधी तेथूनच करावा लागतो.

जुन्या आसांत चाक वळवणारा सांधा गोलाकार बंद घरात, वंगणात बुडालेला असतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील घाटघर-रतनवाडी पट्ट्यात पावसाळाभर ओढे ओलांडावे लागतात आणि सील जीर्ण असल्यास पाणी आत शिरते; वंगण दुधाळ दिसू लागले, की सील बदलून नवे वंगण भरेपर्यंत ती गाडी बाहेर काढू नये.