चोवीस ऑगस्ट : संत बर्थलमयाच्या दिवसाचा इतिहास

उपदेशाची तयारी करताना आपल्यापैकी अनेकांचा हात दिनदर्शिकेकडे जातो. आजच्या तारखेला पूर्वी काय घडले, कोण जन्मले, कोण निवर्तले, कोणते राज्य बुडाले, हे दोन ओळींत सांगितले की श्रोते सावरून बसतात. या सवयीत गैर काही नाही. परंतु आपण ज्या समाजात राहतो त्या समाजात तिथी, वार आणि नक्षत्र यांना शुभाशुभाचा अर्थ चिकटलेला आहे, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने तो सर्वांच्याच मनातून धुऊन निघाला आहे असे म्हणवत नाही. शतकांचे अंतर असलेल्या दोन घटना व्यासपीठावरून एका तारखेच्या दोऱ्यात ओवल्या, की ऐकणाऱ्याला त्यात ईश्वरी संकेत दिसू लागतो. एखादी तारीख इतिहासात खरोखर कशी वाढते हे तपासण्यासाठी २४ ऑगस्ट हा दिवस निवडला आहे; कारण या एका दिवसाला ख्रिस्ती लोकांनी मार खाल्ला आहे, आणि ख्रिस्ती लोकांनी मारलेही आहे.

पाश्चात्त्य ख्रिस्तमंडळीत हा प्रेषित संत बर्थलमयाचा दिवस होय. ग्रीक परंपरेत त्याचे स्मरण ११ जूनला होते. म्हणजे मुळात प्रेषिताचा दिवस म्हणूनही या तारखेवर सर्वांचे एकमत नाही. पहिल्या तीन शुभवर्तमानांत बर्थलमयाचे केवळ नाव येते. तो आणि योहानाने वर्णिलेला काना गावचा नथनेल हे एकच, असे मध्ययुगापासून मानले गेले. ते मान्य केले तर ज्याच्या निष्कपटपणाची साक्ष प्रभूने स्वतः दिली, त्या शिष्याचा हा दिवस ठरतो. पुढील हकिकत वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

या प्रेषिताचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध सांगितला जातो. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आलेक्झांड्रियाचा आचार्य पँटीनस भारतात गेला आणि बर्थलमयाने मागे ठेवलेले, हिब्रू लिपीतील मत्तयाचे शुभवर्तमान त्याला तेथे आढळले, असे युसेबियस सांगतो. जेरोमही तेच सांगतो. विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी हा प्रदेश म्हणजे कल्याण बंदराचा परिसर असावा असे प्रतिपादन केले. कल्याणचे नाव पहिल्या शतकातील 'पेरिप्लस'मध्ये आहे, आणि सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मास 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे नमूद करतो. मात्र जुने ग्रीक व लॅटिन लेखक 'इंडिया' हा शब्द अरबस्तान व इथिओपिया यांनाही सैलपणे लावीत, हा आक्षेप डावलता येत नाही. कल्याणला प्राचीन मंडळी होती एवढे कॉस्मासच्या आधारे बळकट धरता येते. ती बर्थलमयाने स्थापिली हे श्रद्धेने सांगावे, सिद्ध झाले म्हणून सांगू नये.

दिनविशेषांच्या याद्यांत २४ ऑगस्टपुढे पहिली नोंद बहुधा इ. स. ७९ मधील व्हेसुव्हियसच्या उद्रेकाची व पाँपेईच्या नाशाची असते. ही तारीख धाकट्या प्लिनीच्या पत्रांच्या हस्तलिखितांवरून आली. परंतु २०१८ मध्ये पाँपेईच्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली, ऑक्टोबरातील एका दिवसाची नोंद सापडली, आणि उद्रेक शरद ऋतूत झाला असावा या मताला बळ आले. ज्या तारखेवर आपण उपदेश उभारणार ती मुळातच डळमळीत असू शकते, याचे याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

इ. स. ४१० ची नोंद मात्र भक्कम आहे. त्या वर्षी २४ ऑगस्टला अलारिक या गॉथ राजाचे सैन्य सलारियन दरवाजाने रोम नगरात शिरले आणि तीन दिवस लूट चालली. सम्राट होनोरियस त्या वेळी रव्हेन्नात सुरक्षित होता. राजसत्तेच्या दृष्टीने रोमचे महत्त्व कमीही झाले होते. तरी सुमारे आठशे वर्षे परकीय शत्रूच्या हाती न पडलेले ते नगर पडले, आणि सारे जग हादरले. पँटीनसची हकिकत सांगणारा जेरोम तेव्हा बेथलेहेमात यहेज्केलावर भाष्य लिहीत होता. वार्ता ऐकून त्याचे काम थांबले. येथे एक गोष्ट पुष्कळदा सांगायची राहून जाते. अलारिक मूर्तिपूजक नव्हता, एरियसच्या मताचा ख्रिस्ती होता. पेत्र व पौल यांच्या महामंदिरांत आश्रय घेणाऱ्यांना हात लावू नये अशी त्याची आज्ञा होती, आणि त्या आश्रयाने ख्रिस्ती व अख्रिस्ती दोघेही वाचले.

रोमच्या जुन्या देवांचे भक्त म्हणू लागले की यज्ञ बंद पडले म्हणून हा कोप झाला. आश्रितांच्या लोंढ्याबरोबर हा आरोप आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला, आणि हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने ४१३ च्या सुमारास 'देवाचे नगर' हा ग्रंथ लिहावयास घेतला. बावीस भाग पुरे व्हायला ४२६ साल उजाडले. त्या ग्रंथाचे तत्त्वज्ञान आपण वर्गात शिकतो, पण पहिल्या भागातील पाळकाचा सूर तितकासा शिकत नाही. लुटीत ज्या स्त्रियांवर, व्रतस्थ कुमारिकांवरही, बलात्कार झाला त्यांच्याविषयी ऑगस्टीन लिहितो. जुनी रोमन रीत लुक्रेशियाचा आदर्श पुढे करी : शीलभ्रष्ट झालेल्या स्त्रीने प्राण द्यावा. ऑगस्टीन हे साफ नाकारतो. जिच्या मनाने संमती दिली नाही तिचे पावित्र्य गेलेले नाही, आणि दुसऱ्याच्या पापासाठी तिने स्वतःला मारू नये, असा त्याचा निर्णय आहे. कोपाच्या प्रश्नालाही त्याचे उत्तर याच जातीचे आहे : आपत्ती सज्जनावर व दुर्जनावर सारखीच कोसळते, तीवरून कोण देवाचा आणि कोण नव्हे हे ओळखता येत नाही. अर्थात रोम पडले त्या दिवशी तेथे बर्थलमयाचा सण नव्हता. पश्चिमेत तो पुढील शतकांत रूढ झाला.

आता पॅरिस, १५७२. दहा वर्षांच्या धर्मयुद्धांनंतर १८ ऑगस्टला राजा नववा शार्ल याची बहीण मार्गरीत आणि प्रॉटेस्टंट पक्षाचा राजपुत्र, नव्हारचा आँरी यांचा विवाह झाला. समेट व्हावा म्हणून हे लग्न, आणि त्यासाठी फ्रान्सभरचे ह्यूगनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट, सरदार राजधानीत पाहुणे म्हणून आलेले. २२ तारखेला त्यांचा नेता अ‍ॅडमिरल कॉलिन्यी याच्यावर गोळी झाडली गेली. तो जखमी झाला. सूड उगवला जाईल या भीतीने २३ च्या रात्री राजाच्या मसलतीत ह्यूगनॉट पुढाऱ्यांना ठार करण्याचे ठरले. राजमाता कॅथरीन दे मेदिची हिचा त्यात वाटा किती, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. रविवार, २४ ऑगस्टच्या पहाटे साँ-जेर्मं-लोक्झेरवा या देवळाची घंटा वाजली. कॉलिन्यीला बिछान्यावरच ठार करून त्याचे प्रेत खिडकीतून खाली टाकण्यात आले.

येथवर ही राजकारण्यांची हत्या होती. यानंतर जे झाले ते शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांचे केले. नगराचे दरवाजे बंद होते. मारेकऱ्यांनी ओळखीसाठी पांढरे क्रूस लावले होते. प्रेते सेन नदीत लोटली जात होती. केवळ पॅरिसमध्ये दोन ते तीन हजार माणसे मारली गेली असावीत. ऑक्टोबरपर्यंत ऑर्लेआँ, लियाँ, रूआँ, बोर्दो, तुलूझ अशी नगरे पेटत गेली. एकूण मृतांचे अंदाज पाच हजारांपासून तीस हजारांपर्यंत आहेत. जिनिव्हाच्या स्तोत्रसंग्रहाच्या चालींना सुरावट देणारा संगीतकार क्लोद गुदिमेल लियाँमध्ये मारला गेला.

एवढा द्वेष एका रात्रीत उगवत नाही. पॅरिसच्या व्यासपीठांवरून कित्येक वर्षे पाखंड्यांच्या नाशाची मागणी होत होती. सिमों व्हिगोर या धर्मगुरूची प्रवचने त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. हत्याकांड सुरू झाल्यावर 'निरपराध बालकांच्या' दफनभूमीतील एक वाळलेले काटेरी झुडूप अवेळी फुलल्याची वार्ता पसरली. देव प्रसन्न झाला याची ही खूण, असा लोकांनी अर्थ केला. झुंडी दर्शनाला लोटल्या, आणि मंदावू पाहणारी कत्तल पुन्हा जोमाने चालू झाली. दिवसाचा आणि चिन्हाचा अर्थ लावण्याची हौस माणसाला कोठवर नेते, हे या झुडपाइतके स्पष्ट मला दुसरीकडे आढळलेले नाही. ऑगस्टीन ज्या परंपरेचा आचार्य, त्याच परंपरेतील लोक हे करीत होते.

रोममध्ये पोप तेरावा ग्रेगरी याला राजाविरुद्धचा कट मोडला गेला अशी वार्ता पोहोचली. त्याने 'ते देऊम' हे स्तुतिगीत गाववले, पदक पाडले, आणि व्हॅटिकनच्या साला रेजियात वझारीकडून या प्रसंगाची भित्तिचित्रे काढून घेतली; ती आजही तेथे आहेत. उलट शार्लचा सासरा, कॅथॉलिक सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन, याने या कृत्याचा उघड धिक्कार केला. न्यायाच्या दृष्टीने हेही नोंदले पाहिजे की १५६७ मध्ये २९ सप्टेंबरच्या संत मिखाएलाच्या सणाला नीम नगरात ह्यूगनॉटांनी कॅथॉलिक धर्मगुरूंना व गृहस्थांना पकडले आणि त्यांपैकी अनेकांना मारून त्यांची प्रेते बिशपांच्या वाड्यातील विहिरीत टाकली. त्या सणावरून त्या हत्याकांडाला 'मिशलाद' असे नाव पडले. संतांचे दिवस दोन्ही बाजूंनी रक्ताने माखले.

याच तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये पंचांग सुधारले. ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरण्यात आला. इंग्लंडने पोपची ही सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. म्हणून सूर्याच्या हिशेबाने पाहिले, तर १५७२ चा २४ ऑगस्ट आपल्या आजच्या गणनेत ३ सप्टेंबर होतो, ४१० चा २५ ऑगस्ट होतो. एकाच तारखेला घडलेल्या घटना एकाच दिवशी घडलेल्याच नाहीत! तारखेत जर गूढ शक्ती असेल, तर तिने कोणते पंचांग वापरावे?

तरीही तारखेला सामर्थ्य असते, आणि ते कोठून येते हे १६६२ मध्ये दिसते. इंग्लंडात राजेशाही परतल्यावर उपासनेच्या एकरूपतेचा कायदा झाला. प्रत्येक पाळकाने सुधारलेल्या प्रार्थनापुस्तकातील सर्व मजकुराला मनःपूर्वक संमती द्यावी, आणि ज्याची दीक्षा बिशपच्या हातून झालेली नाही त्याने ती घ्यावी. यासाठी मुदत होती बर्थलमयाच्या दिवसाची. वर्षाचा मोठा दशांश २९ सप्टेंबरला, मिखाएलाच्या सणाच्या सुमारास मिळत असे. म्हणजे जो पाळक २४ ऑगस्टला बाहेर पडेल त्याने वर्षभर काम केलेले, पण वेतन पुढच्याच्या पदरात. शिवाय छापील पुस्तक ऑगस्टमध्येच तयार झाले. न पाहिलेल्या पुस्तकाला संमती द्या असे अनेकांना सांगण्यात आले. १६६० ते १६६२ या काळात मिळून सुमारे दोन हजार पाळक व शिक्षक पदच्युत झाले. किडरमिन्स्टरचा रिचर्ड बॅक्स्टर याने १६६० मध्ये बिशपपद नाकारले होते. त्याने मुदतीची वाट न पाहता २५ मे रोजीच सार्वजनिक उपदेश थांबवला, आपल्याकडे पाहून इतरांनी चालढकल करू नये म्हणून. अनेकांची निरोपाची प्रवचने १७ ऑगस्टच्या रविवारी झाली.

येथे कोणाची मान कापली गेली नाही. पण घर सोडून निघालेल्या त्या कुटुंबांना नव्वद वर्षांपूर्वीचा पॅरिसचा रविवार आठवला, आणि त्यांनी आपल्या दिवसाला 'काळा बर्थलमय' म्हटले. एका संताच्या सणाने दोन घटना जोडल्या त्या आकाशातून नव्हे, माणसांच्या आठवणीतून. जॉन वेस्लीचे दोन्ही आजोबा या पदच्युतांपैकी होते. त्याच्या बापाकडील पणजोबाचेही पद गेले, आणि त्या गृहस्थाचे नावच बार्थोलोम्यू होते. १६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्याने या मंडळ्यांना उपासनेची मुभा मिळाली, तरी ऑक्सफर्ड व केंब्रिज यांची दारे त्यांना पूर्णपणे उघडायला १८७१ साल यावे लागले. १७९५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटी उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्यातील इंडिपेंडंट मंडळ्यांच्या बळावर. त्याच संस्थेचा जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आला, आणि तेथील मिशनच्या शाळेत पुढे बाबा पदमनजी शिकले. काळ्या बर्थलमयाचा एक धागा असा आपल्या सीमाभागापर्यंत येतो.

अशा आठवणींचे काय करावे, याची दोन उदाहरणे आपल्या काळातील आहेत. ऑगस्ट १९९७ मध्ये पोप दुसरा जॉन पॉल युवकांच्या जागतिक मेळाव्यासाठी पॅरिसमध्ये होता. २३ च्या रात्री, लाखो तरुणांसमोर, त्याने दुसऱ्या दिवसाची तारीख विसरली नाही. ख्रिस्ती लोकांनी तेथे शुभवर्तमानाला अमान्य असलेली कृत्ये केली असे त्याने उघड म्हटले. आणि २०१२ मध्ये, पदच्युतीला साडेतीनशे वर्षे होत असताना, चर्च ऑफ इंग्लंड व युनायटेड रिफॉर्म्ड चर्च यांनी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत एकत्र समेटाची उपासना केली. ती मात्र फेब्रुवारीत झाली. २४ ऑगस्टची वाट पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही.

ज्या प्रार्थनापुस्तकासाठी ते पाळक घराबाहेर पडले त्यात बर्थलमयाच्या दिवसासाठी नेमलेला शुभवर्तमानाचा पाठ लूकच्या बाविसाव्या अध्यायातील आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी आपणांत मोठा कोण यावरून शिष्यांत झालेला वाद आणि त्यावर प्रभूने दिलेले उत्तर, असा त्याचा विषय.